तिसऱ्या भेटीला खुर्ची रिकामी का?



या मालिकेत आपण बहुतेक वेळा लढाया, मोहिमा आणि सेनापतींबद्दल बोलतो. आज विषय वेगळा आहे, पण इतिहासाचाच आहे. विद्यापीठाच्या आवारात एक लहान खोली असते, बाहेर ‘समुपदेशन केंद्र’ अशी पाटी. विद्यार्थी एकदा येतो, कधी दुसऱ्यांदाही येतो, आणि मग यायचा थांबतो. वहीत नोंद होते, ‘आला नाही’. कारणाचा रकाना कोराच राहतो. आज त्या कोऱ्या रकान्याबद्दल बोलू.

इंदूर, बडोदा, हैदराबाद, बंगळूर, दिल्ली, कुठूनही तुम्ही हे ऐकत असाल, तुमच्या घरातलं कुणीतरी हॉस्टेलवर असेल किंवा लवकरच जाणार असेल. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या आकड्यांनुसार २०२२ साली आपल्या देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली. म्हणून हा प्रश्न फक्त मानसशास्त्राच्या प्राध्यापकांचा राहत नाही.

आधी आकडे, मग शब्द

उपचार मधेच सोडणाऱ्यांची मोजदाद बरीच झाली आहे. १९९३ साली वियर्झबिकी आणि पेकारिक या दोन अमेरिकी संशोधकांनी १२५ अभ्यास एकत्र केले. त्यात सोडून जाणाऱ्यांचं प्रमाण सरासरी ४७ टक्क्यांच्या आसपास आलं. २०१२ साली स्विफ्ट आणि ग्रीनबर्ग यांनी ६६९ अभ्यास, जवळपास ८४ हजार माणसं पाहिली. आकडा निघाला सुमारे २० टक्के. त्यातही वय लहान असलेल्यांत आणि विद्यापीठाशी जोडलेल्या केंद्रांत गळती जास्त होती.

एकीकडे ४७, दुसरीकडे २०. यातला मोठा भाग व्याख्येचा आहे. ‘सोडलं’ म्हणजे काय? ठरलेल्या भेटी पूर्ण केल्या नाहीत म्हणजे सोडलं? समुपदेशकाला ‘अजून यायला हवं होतं’ असं वाटलं म्हणजे सोडलं? की फक्त शेवटची भेट चुकवली म्हणजे सोडलं? मोजपट्टी बदलली की आकडा बदलतो.

आम्हा फौजी लोकांना हा भेद लवकर कळतो. जवान रजेवरून वेळेवर परतला नाही तर तो गैरहजर, पण त्याला लगेच भगोडा म्हणत नाहीत. आर्मी ॲक्ट १९५० प्रमाणे ३० दिवस झाल्यावर चौकशी न्यायालय बसतं आणि मगच तशी नोंद होते. त्याआधी कंपनीतून घरी विचारणा जाते. आई आजारी आहे का, जमिनीचा तंटा झाला का, गाडी चुकली का? समुपदेशनाच्या क्षेत्रात मात्र अनेक वर्षं उलटं चाललं. नाव आधी पडलं, चौकशी नंतर सुरू झाली.

व्हिएन्ना, १९००

या गोष्टीतला सगळ्यात प्रसिद्ध ‘सोडून जाणारा पेशंट’ म्हणजे एक अठरा वर्षांची मुलगी. ऑक्टोबर १९०० मध्ये ती सिग्मंड फ्रॉइडकडे येऊ लागली आणि ३१ डिसेंबरला तिने सांगून टाकलं, आजची भेट शेवटची. जेमतेम अकरा आठवडे झाले होते. फ्रॉइडने १९०५ साली तिची हकिकत ‘डोरा’ या टोपणनावाने छापली.

त्या हकिकतीत आपल्या कामाच्या दोन गोष्टी आहेत. पहिली, डोरा स्वतःहून आली नव्हती, वडिलांच्या आग्रहाने आली होती. वडिलांच्या एका मित्राने तिच्याशी गैरवर्तन केलं होतं, आणि तिचं म्हणणं घरात कुणी खरं मानत नव्हतं. ज्या वडिलांवर तिचा राग होता तेच तिला डॉक्टरकडे घेऊन आले होते. आता या मुलीला डॉक्टर कोणाच्या बाजूचा वाटेल? दुसरी गोष्ट, फ्रॉइडने नंतर लिहिलं की तिच्या मनात आपल्याबद्दल काय साचत होतं ते आपण वेळेवर ओळखलं नाही. म्हणजे सोडून जाण्याचं कारण दोघांच्या नात्यात होतं, आणि ते नातं खोलीच्या बाहेर, घरातच बिघडायला सुरुवात झाली होती.

आणलेला आणि आलेला यांत फरक असतो. वॉर्डनने पाठवलेला, विभागप्रमुखांनी ‘जाऊन ये’ म्हटलेला, आईवडिलांनी ओढून नेलेला विद्यार्थी पहिल्या भेटीला हजर असतो, कारण हजेरी कोणीतरी विचारणार असतं. दुसऱ्या भेटीचं त्याच्यावर बंधन नसतं.

प्रिन्स्टन ते वेस्ट पॉइंट

विद्यापीठात ही खोली आली कधी? अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठात १९१० साली विद्यार्थ्यांसाठी पहिली मानसिक आरोग्य सेवा सुरू झाली असं मानतात. स्ट्युअर्ट पॅटन या मनोविकारतज्ज्ञांच्या लक्षात आलं होतं की अभ्यासात चांगली असलेली काही मुलं भावनिक अडचणींमुळे विद्यापीठ सोडून जात आहेत. म्हणजे मुळात ही खोली उभी राहिली तीच मुलांनी विद्यापीठ सोडू नये म्हणून. विद्यार्थी टिकवणं ही संस्थेची गरज होती. ती गरज चुकीची होती असं माझं म्हणणं नाही. पण विद्यार्थ्याला ती जाणवते, हे लक्षात ठेवा.

त्याच सुमारास क्लिफर्ड बियर्स या येलच्या पदवीधराने मनोरुग्णालयातल्या स्वतःच्या अनुभवांचं पुस्तक १९०८ साली प्रसिद्ध केलं, आणि १९०९ मध्ये अमेरिकेत मानसिक आरोग्याची राष्ट्रीय समिती स्थापन झाली. या समितीचे वैद्यकीय संचालक होते डॉ. थॉमस सामन. हे नाव फौजेच्या इतिहासात मोठं आहे.

पहिल्या महायुद्धात खंदकांमधले सैनिक थरथरत, मुके होऊन, आंधळे होऊन परत येऊ लागले. १९१५ मध्ये चार्ल्स मायर्स यांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ‘शेल शॉक’ हा शब्द वापरला. शब्द इतका पसरला की सैन्याला त्याची धास्ती वाटू लागली. १९१७ मध्ये ब्रिटिश सैन्याने अशा रुग्णांवर ‘अजून निदान न झालेला, मज्जासंबंधी’ अशा अर्थाचा सरकारी शिक्का मारायला सुरुवात केली. नाव बदललं, पण सैनिकाला जे कळायचं ते कळत होतंच.

सामन १९१७ साली ब्रिटनमध्ये जाऊन हे सगळं बघून आले आणि अमेरिकी सैन्यासाठी त्यांनी व्यवस्था आखली. तिचं सार तीन शब्दांत सांगता येतं: जवळ, लगेच आणि अपेक्षा. उपचार आघाडीच्या जवळ द्यायचा, दूरच्या हॉस्पिटलात पाठवायचं नाही. त्रास दिसताच द्यायचा, महिनाभर थांबायचं नाही. आणि सैनिकाला पहिल्या दिवसापासून सांगायचं की तू बरा होऊन आपल्या माणसांत परत जाणार आहेस. दूर पाठवलेला सैनिक परत येण्याची शक्यता कमी असते, हे अनुभवाने कळलं होतं.

या व्यवस्थेचा दोष सांगितला नाही तर इतिहास अर्धवट राहील. तिचा हेतू सैनिकाला पुन्हा खंदकात उभं करणं हा होता. त्याच्या भल्याचा प्रश्न दुसऱ्या क्रमांकावर. डॉक्टर सैनिकाचा की सैन्याचा, हा पेच तेव्हाही होता आणि आजही आहे.

युद्ध संपल्यावर हाच विचार आणि हेच लोक महाविद्यालयांकडे वळले. १९२० साली अमेरिकेच्या वेस्ट पॉइंट लष्करी अकादमीत मानसिक आरोग्य सेवा सुरू झाली. त्या दशकात डार्टमथ, व्हॅसार, येल इथेही झाली. मग दुसऱ्या महायुद्धानंतर तर पूरच आला. जून १९४४ च्या कायद्याने परतलेल्या सैनिकांना शिक्षणाचा खर्च मिळाला. सुमारे २२ लाख माजी सैनिक महाविद्यालयांत गेले, आणि त्यांना मार्गदर्शन करण्यासाठी सरकारने अनेक विद्यापीठांत केंद्रं उघडायला पैसा दिला. आज अमेरिकेतल्या बऱ्याच समुपदेशन केंद्रांची मुळं तिथे सापडतात. विद्यार्थ्याची खोली आणि सैनिकाची खोली यांचं नातं इतकं जवळचं आहे.

सल्ला हवा की ऐकणारा हवा?

११ डिसेंबर १९४० ला मिनेसोटा विद्यापीठात कार्ल रॉजर्स यांनी एक भाषण केलं. मिनेसोटा हा विल्यमसन यांचा गड. विल्यमसन यांची पद्धत अशी: चाचण्या घ्या, माहिती जमवा, निदान करा आणि विद्यार्थ्याला स्पष्ट सल्ला द्या. रॉजर्स यांनी तिथे जाऊन सांगितलं की सल्ला देणं थांबवा, माणसाचं ऐका, वाट त्याची त्याला सापडेल. १९४२ च्या पुस्तकात त्यांनी एका रुग्णाशी झालेल्या सगळ्या भेटी रेकॉर्डिंगवरून शब्दशः छापल्या. त्या काळात हे धाडसच होतं.

हा वाद आपल्या मुलांच्या गैरहजेरीशी थेट जोडलेला आहे. आपल्याकडचा विद्यार्थी काय मनात धरून जातो? ‘सर काहीतरी सांगतील.’ आणि समोर काय होतं? ‘तुम्हाला स्वतःला काय वाटतं?’ तो विचार करतो, मला काय वाटतं हे कळलं असतं तर इथे कशाला आलो असतो? तिसऱ्या भेटीला तो जात नाही. समुपदेशक चुकीचा नसतो, विद्यार्थीही नसतो. दोघं दोन वेगळ्या गोष्टींसाठी एका खोलीत बसलेले असतात आणि ते एकमेकांना कोणी सांगितलेलं नसतं.

यावर आपल्याच देशात विचार झाला आहे. मनोविकारतज्ज्ञ आणि पंजाबी कवी डॉ. जसवंत सिंग नेकी यांनी १९७३ साली गुरू-चेला नात्याचा उपचाराचा नमुना म्हणून विचार करावा असा लेख लिहिला. आपल्या समाजात वडीलधाऱ्याकडे वाट विचारणं कमीपणाचं नाही, आणि पाश्चात्त्य पद्धतीत अवलंबून राहण्याला जो दोष मानतात तो इथे तसा लागू होत नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. याचा अर्थ समुपदेशकाने गादीवर बसून उपदेश करावा असा नाही. पहिल्याच भेटीत ‘इथे काय होईल, किती भेटी लागतील, मी काय करेन, तुला काय करावं लागेल’ हे स्वच्छ सांगावं, इतकं तर कोणत्याही पद्धतीत बसतं. फौजेत याला ब्रीफिंग म्हणतात. ब्रीफिंगशिवाय कोणी गस्तीवर निघत नाही.

भाषेचंही तसंच. ‘घुसमट होते’, ‘जीव रमत नाही’, ‘डोकं सुन्न होतं’ हे मराठीत सहज निघतं. तेच खरगपूरला किंवा चेन्नईला इंग्रजीत सांगायचं म्हटलं की मुलगा ‘टेन्शन आहे’ म्हणून मोकळा होतो. त्या एका शब्दावर समुपदेशक तरी किती काम करणार?

बर्कली, १९६९

आता एक जड प्रसंग. सप्टेंबर १९६७ मध्ये बंगालमधून एक भारतीय विद्यार्थी कॅलिफोर्नियाच्या बर्कली विद्यापीठात पुढच्या शिक्षणासाठी गेला. इंटरनॅशनल हाउसमध्ये राहायचा. लोकनृत्याच्या वर्गात तात्याना तारासॉफ या विद्यार्थिनीशी ओळख झाली. नववर्षाच्या रात्री तिने घेतलेल्या एका चुंबनाचा अर्थ त्याने एक लावला, तिचा अर्थ वेगळा होता. तिने तसं सांगितल्यावर तो खचला. अभ्यास सुटला, खाणं-झोपणं बिघडलं. एका मित्राच्या सांगण्यावरून तो १९६९ च्या उन्हाळ्यात विद्यापीठाच्या रुग्णालयात उपचार घेऊ लागला.

उपचारात त्याने त्या मुलीला मारण्याचा विचार बोलून दाखवला. मानसतज्ज्ञाने विद्यापीठ पोलिसांना कळवलं आणि त्याला रुग्णालयात ठेवण्यासाठी मदत मागितली. पोलिसांनी त्याला ताब्यात घेतलं, बोलणं समजूतदार वाटलं, मुलीपासून दूर राहण्याचं वचन घेतलं आणि सोडून दिलं. विभागाच्या प्रमुखांनी पत्र परत मागवलं आणि पुढे काही करू नका असं सांगितलं. तो विद्यार्थी पुन्हा उपचाराला आला नाही. २७ ऑक्टोबर १९६९ रोजी त्याने तात्यानाचा खून केला. तिला किंवा तिच्या आईवडिलांना कोणीही सावध केलेलं नव्हतं.

आईवडील न्यायालयात गेले. १९७६ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने अंतिम निकाल दिला: ज्या व्यक्तीला गंभीर धोका आहे तिचं रक्षण करण्यासाठी वाजवी काळजी घेणं हे उपचार करणाऱ्याचं कर्तव्य आहे. जगभरातल्या मानसोपचाराच्या अभ्यासक्रमात हा खटला शिकवतात.

यावरून कोणी असा अर्थ काढू नये की मानसिक त्रास असलेली मुलं धोकादायक असतात. अशी घटना फार क्वचित घडते, म्हणूनच ती इतकी लक्षात राहिली. मी ती सांगतो दुसऱ्या कारणाने. गुप्तता मोडावी लागली, ते योग्यच होतं. पण मोडल्यावर तो माणूस परत येणार नाही हे उघड होतं, आणि त्याच्यामागे जाणारं कोणी नव्हतं. पोलिसांना वाटलं काम झालं, विभागाला वाटलं प्रकरण मिटलं. दोन चौक्यांच्या मधली जागा कोणाकडेच नव्हती. सीमेवर ज्यांनी नोकरी केली आहे त्यांना ठाऊक आहे, घुसखोरी बहुतेक वेळा अशाच जागेतून होते.

एक भेट पुरली तर?

आता नाण्याची दुसरी बाजू. मोशे टालमन नावाचे मानसतज्ज्ञ कॅलिफोर्नियातल्या एका मोठ्या आरोग्य संस्थेत काम करत होते. जुन्या नोंदी पाहताना त्यांना दिसलं की सगळ्यात जास्त वेळा आढळणारी भेटींची संख्या एक आहे. त्यांनी एकदाच येऊन गेलेल्या आपल्याच २०० जणांना फोन केला. ७८ टक्के लोकांनी सांगितलं, हवं ते मिळालं, आता बरं आहे. यावर त्यांचं पुस्तक १९९० साली आलं. त्याआधी १९८६ मध्ये हॉवर्ड आणि सहकाऱ्यांनी दाखवलं होतं की आठ भेटींपर्यंत साधारण निम्म्या लोकांत मोजता येईल इतकी सुधारणा होते.

म्हणजे न येणाऱ्यांत काही जण बरे झालेले असतात. परीक्षा संपली, भांडण मिटलं, मन हलकं झालं, काम झालं. काहींना सत्राच्या सुट्टीने तोडलं. काहींना दुसरी भेट तीन आठवड्यांनी मिळाली, तोवर धीर सुटला. आणि काही जण दुखावून, अविश्वासाने किंवा अगदी खचल्यामुळे आले नाहीत. वहीत चौघांचीही नोंद एकच: ‘आला नाही’. टालमन यांनी वेगळं काय केलं? फोन केला, एवढंच.

आपल्याकडे

आपल्या देशात या कामाची सुरुवात मुख्यतः करिअर मार्गदर्शनातून झाली. १९४७ साली अलाहाबादला उत्तर प्रदेश सरकारची मानसशास्त्र संस्था उभी राहिली, त्याच वर्षी मुंबईत पारशी पंचायतीने व्यवसाय मार्गदर्शन केंद्र काढलं. १९५४ साली दिल्लीत केंद्र सरकारची संस्था आली. कोठारी आयोगाने १९६६ च्या अहवालात मार्गदर्शन आणि समुपदेशन हा शिक्षणाचाच भाग मानला. पण ‘कोणता कोर्स घेऊ’ विचारणारा विद्यार्थी आणि ‘जगावंसं वाटत नाही’ सांगणारा विद्यार्थी यांच्यासाठी लागणारी माणसं वेगळी असतात. पहिल्यासाठी जमवलेली व्यवस्था दुसऱ्याला पुरली नाही.

शिवाय भीती आहेच. आमच्याकडे जवानाची वैद्यकीय श्रेणी ‘शेप’ या पाच अक्षरी पद्धतीने ठरते, आणि त्यातलं पहिलं अक्षर मानसिक स्थितीचं. ते घसरलं तर पोस्टिंग, कोर्स, बढती यांवर परिणाम होऊ शकतो. म्हणून माणूस सिक रिपोर्टला जातो तो पाठदुखी सांगत. विद्यार्थ्याचा हिशोब वेगळा नसतो. विभागप्रमुखांना कळेल का? घरी फोन जाईल का? प्लेसमेंटला आड येईल का? या तीन प्रश्नांची उत्तरं पहिल्या भेटीत मिळाली नाहीत, तर तो ती स्वतःच ठरवतो.

२०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने गुप्ततेचा हक्क दिला आहे, आणि कोणाच्या जिवाला धोका असेल तेव्हाचे अपवादही लिहिले आहेत. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने १०० किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांत पात्र समुपदेशक असावा असं सांगितलं. चांगलं झालं. पण पद भरणं आणि खुर्ची भरणं यांत अंतर आहे. ते अंतर कमी करायचं तर सामन यांचे तीन शब्द अजून उपयोगी आहेत, फक्त हेतू बदलून. जवळ, म्हणजे प्रशासनाच्या इमारतीत, सगळ्यांच्या नजरेसमोर खोली नको. हॉस्टेलजवळ, जिथे सहज जाता येईल अशी हवी. लगेच, म्हणजे दुसरी भेट त्याच आठवड्यात. अपेक्षा, म्हणजे ‘इतक्या भेटींत आपण इथवर पोहोचू’ हे आधी सांगणं. आणि चौथी गोष्ट कंपनीतली: न आलेल्याची विचारपूस. रागावून नव्हे, हजेरीसाठीही नव्हे. ‘बरं वाटतंय ना? यावंसं वाटलं तर दार उघडं आहे’, एवढा एक निरोप.

घरच्यांसाठीही तेच सांगेन. मुलाने समुपदेशन सोडलं असं कळलं तर ‘पैसे वाया गेले’ किंवा ‘तुला कशातच टिकायला नको’ असं म्हणू नका. ‘तिथे काय आवडलं नाही?’ असं विचारा आणि उत्तर पूर्ण ऐका. माणूस पटला नसेल तर दुसरा शोधता येतो. जिवाचं काही बोलला, तर उद्यावर ढकलू नका, त्याला एकटं सोडू नका. केंद्र सरकारची टेलीमानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास चालते, मराठीतही बोलता येतं. नंबर आत्ताच लिहून ठेवा.

पुढच्या भागात पुन्हा आपल्या नेहमीच्या वाटेवर, म्हणजे मोहिमांकडे. तोपर्यंत हॉस्टेलवरच्या आपल्या मुलांना एक फोन करा, आणि मार्कांबद्दल विचारू नका.

जय हिंद.